हिसका गाडीचा की माणसाचा?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का रे?" असं विचारलं, त्यात एक आमची मावशी. म्हणजे कुणीतरी वाचतंय अजून. बरं वाटलं :)

आजचा विषय गाडीचा आहे. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही वाचा, कारण अर्धा विषय गाडीचा आहे आणि अर्धा आमच्या घरचा. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे काय झालं ते नातेवाईकांना अर्धवट माहीत आहे. त्यांच्यासाठी हा उरलेला अर्धा.

तर झालं असं...

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन २०१८ साली झालं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण शक्यतो क्लच नको. म्हणून जुनी गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली. गाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतं. सहा-सात वर्षं गाडी झकास चालली. बाबा म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. संध्याकाळी आईला घेऊन गोकुळपेठच्या बाजारात भाजीला जायचं, येताना एखाद्या मित्राकडे डोकावायचं, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी हिसके द्यायला लागली. चालत्या गाडीत काही नाही. सिग्नलला थांबलं आणि पुन्हा निघालं की एक गचका. कधी बारीक थरथर, तर कधी मागे बसलेल्या आईची मान हलेल एवढा जोरात. आई म्हणायची, "अहो, जरा हळू सोडा न ब्रेक." बाबा म्हणायचे, "मी हळूच सोडतो." हा संवाद महिनाभर चालला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला आणि मनातल्या मनात सगळ्यांनी आईची बाजू घेतली.

गाडी दोनदा सर्व्हिस सेंटरला दाखवली. दोन्ही वेळा सकाळी दहाला त्यांच्या माणसाने आवारातच एक चक्कर मारली. पहिल्यांदा म्हणाला, "सर, ऑटोमॅटिक में थोडा तो रहेगा." दुसऱ्यांदा म्हणाला, "क्लच सेट बदलना पडेगा," आणि एक भलामोठा आकडा कागदावर लिहून दिला. हिसका नेमका केव्हा बसतो, हे दोन्ही वेळा कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर, मीही बाबांना विचारलं नाही.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आता बाबांची गाडी बंद कर. ७६ वय झालं. उद्या काही झालं म्हणजे?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दूर राहणाऱ्याला काळजी जास्त वाटते. मी एका रविवारी सकाळी साडेसातला एकटाच गाडी काढली आणि अंबाझरीपर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली! एकही हिसका नाही. झालं, निकाल लागला. गाडी ठीक आहे, म्हणजे बाबांचा पाय ठीक नाही. त्या दिवशी गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्यावरून माझ्या कपाटात गेली.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी डायरी आहे, तेवढी आणून दे."

ती डायरी आमच्या घरात थट्टेचा विषय आहे. स्कूटर होती तेव्हापासून बाबा तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, कितीचं, हवा कधी भरली, बॅटरी कधी बदलली, सगळं लिहून ठेवतात. आणून देताना सहज चाळली. एप्रिलपासून पेट्रोलच्या नोंदींच्या मध्ये मध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं. "सायं. ६.५०, शंकरनगर, ए.सी. चालू, हि." "सायं. ७.१०, घराचा उतार, रिव्हर्स, हि. मोठा." "सकाळी ८, बँक, हि. नाही." हि. म्हणजे हिसका. अशा तेवीस नोंदी होत्या. सकाळी दहाच्या आधीची हिसक्याची एकही नाही.

आम्ही महिनाभर बाबांची तपासणी करत होतो, आणि बाबा एकटेच गाडीची करत होते. मी डायरी हातात घेऊन किती वेळ तसाच उभा होतो ते आठवत नाही. लाज वाटली, दुसरं काय!

इथे थोडी तांत्रिक माहिती देतो. कंटाळा करू नका, कारण माझं मुख्य म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

आपण "ऑटोमॅटिक" हा एकच शब्द वापरतो, पण आपल्याकडे रस्त्यावर त्या नावाने किमान चार वेगवेगळी यंत्रं फिरतात. आणि चौघांचा हिसका वेगळा, त्याचं कारणही वेगळं.

पहिलं म्हणजे जुनं, अस्सल ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवालं. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रा-मॅटिक दिला, तेव्हापासून इंजिनाची ताकद तेलातून चाकांपर्यंत पोचवायची ही कल्पना घरोघर पोचली. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं, एवढाच फरक. त्यामुळे अशी गाडी मुळात सुटतेच मऊ. ती हिसका देत असेल तर बहुधा तेल कमी झालंय किंवा जुनं होऊन जळलंय, नाहीतर इंजिन उभ्याउभ्या गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतंय, किंवा इंजिनाचं माउंटिंग गेलंय, किंवा गिअरबॉक्समध्ये तेलाचे रस्ते उघडणारे-बंद करणारे व्हॉल्व्ह अडकताहेत.

दुसरं सीव्हीटी. याला ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि मध्ये पट्टा, पुलीचा व्यास कमीजास्त होतो. हे यंत्र आपल्या घराघरात आहे हे किती जणांना माहीत आहे? ऐंशीच्या दशकातली कायनेटिक होंडा आठवते? आणि आज प्रत्येक गल्लीत उभी असलेली बिनगिअरची स्कूटर? तिच्यातही पुली आणि पट्टाच असतो. निघताना ती स्कूटर थरथरायला लागली की मिस्त्री क्लचचे शू बघतो, घासून साफ करतो किंवा बदलतो. कारच्या सीव्हीटीत रबरी पट्ट्याऐवजी पोलादी असतो आणि तेल लागतं, तेही त्याच गिअरबॉक्ससाठी सांगितलेलं. तिथे निघताना थरथर आली तर आधी तेलाकडे बघायचं. आणि कुणी भलतंच तेल ओतलंय का, हेही विचारायचं.

तिसरं ड्युअल क्लच. एक क्लच विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. हायवेवर भन्नाट! पण ज्यांचे क्लच कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडालेले नसतात, ते बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये तापतात. आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पलीकडे, खाली डांबर तापलेलं, आणि गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकतेय. अशात क्लच गरम होऊन थरथरला तर नवल काय?

आणि चौथं, आपल्याकडे सर्वांत जास्त पसरलेलं, एएमटी. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून ही स्वस्त ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात आली. (आमची गाडी ती नव्हे.) एएमटी म्हणजे काय, तर आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला तुमच्या डाव्या पायाऐवजी एक यंत्र बसवलेलं. कुठे ते तेलाच्या दाबावर चालतं, कुठे विजेच्या मोटरवर. थोडक्यात, बाबांच्या डाव्या पायाची बदली एका यंत्राकडे झाली होती!

आता आपण स्वतः क्लच सोडतो तेव्हा काय करतो? प्लेट नेमकी कुठे पकडते ते पायाला कळतं, आणि तिथे आपण क्षणभर थांबतो. प्लेट झिजली की ती जागा सरकते, आणि आपला पाय नकळत नवी जागा शिकतो. एएमटीच्या कंट्रोल युनिटलाही ती जागा शिकावी लागते. थोडंफार ते आपलं आपण शिकतं. पण झीज बरीच झाली असेल किंवा एखादा भाग बदलला असेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये स्कॅनर लावून पुन्हा शिकवावं लागतं. गॅरेजवाले त्याला लर्निंग म्हणतात. शिकवलं नाही तर यंत्र जुन्याच जागेच्या हिशोबाने क्लच सोडतं, आणि गाडी गचका खाते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की "ऑटोमॅटिक आहे" एवढं सांगून गाडी विकणं हे अर्धवट सांगणं आहे. आम्ही गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोराने सीटचं कापड, म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, सगळं दाखवलं. आत एक साधी क्लच प्लेट आहे, ती झिजणार आहे, आणि चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर ती लवकर झिजेल, हे कुणी सांगितलं नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा "जेवणानंतर घ्या" एवढं तरी सांगतो!

दुसरं म्हणणं तपासणीबद्दल. ते मला आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं. सक्करदऱ्याकडे त्याचं छोटंसं गॅरेज आहे. बाबांची डायरी घेऊन मी त्याच्याकडे गेलो, बाबांनाही बरोबर नेलं. त्याने बॉनेट उघडलंच नाही. चहा मागवला आणि बाबांना प्रश्न विचारत सुटला.

"काकाजी, थंडी असताना मारते का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर."

"ए.सी. बंद केला तर?"

"कमी."

"रिव्हर्समध्ये पण मारते?"

"जास्त मारते. घराच्या उतारावर सगळ्यात जास्त."

"उभी असताना न्यूट्रलमध्ये थरथरते का जी?"

बाबा थांबले. "हे नाही पाहिलं मी." आणि लगेच खिशातून पेन काढून डायरीत लिहून घेतलं! मिस्त्री हसला. मला म्हणाला, "भाऊ, अर्धं काम तं काकाजीनं करूनच आणलं. लोक येते अन् म्हणते, गाडी झटके मारते, पाहून घ्या. काय पाहू बाप्पा?"

मग तो म्हणाला, आता गाडी बघायची तर बाबांच्या वेळेला, बाबांच्या रस्त्याने, बाबांच्याच हाताने. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला निघालो. बाबा चालवायला, मिस्त्री शेजारी, मी मागे आईच्या जागेवर. ए.सी. चालू. लक्ष्मीनगर, शंकरनगर, झाशी राणी चौक, व्हरायटी चौक. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग हिसके सुरू. मिस्त्रीची नजर रस्त्यावर नव्हतीच, ती बाबांच्या पायावर होती. नंतर त्याने गाडी सेमिनरी हिल्सच्या चढाकडे घ्यायला लावली. तिथे थांबवून निघायला सांगितलं. चांगला दणका बसला.

मग म्हणाला, "आता भाऊ, तुम्ही बसा."

मी बसलो. तीच गाडी, तोच चढ, तीच वेळ. माझ्या हातून तर बाबांपेक्षा मोठा हिसका बसला. मागच्या सीटवर बाबा होते. काही बोलले नाहीत, पण आरशात मला दिसले. :)

रविवारी सकाळी साडेसातला, थंड गाडी घेऊन, मोकळ्या रस्त्यावर मी जी "ट्रायल" घेतली होती तिला काहीच अर्थ नव्हता. ताप संध्याकाळी येतो म्हणणाऱ्याला सकाळी थर्मामीटर लावून "काही नाही तुला" म्हणण्यासारखंच ते होतं.

पुढचं सगळं क्रमाने झालं, आणि तो क्रम लिहून ठेवण्यासारखा आहे. आधी स्वस्त आणि साधं, मग महाग.

एक, पाय. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. काही लोक सवयीने डावा पाय ब्रेकवर ठेवतात. मग दोन्ही एकदम दाबले जातात, आणि बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर अशा वेळी इंजिनाची ताकद तोडतो. बाबा उजवाच पाय वापरत होते. त्यांची एक चूक मात्र सापडली. गाडी सरकायला लागली की ते थोडी रेस द्यायचे, पुढचा थांबला की सोडायचे, पुन्हा द्यायचे. दर वेळी क्लच अर्धा लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा. आणि मीही नेमकं तेच करत होतो. हातात गाडी असलेला जवळजवळ प्रत्येक जण ट्रॅफिकमध्ये तेच करतो.

दोन, इंजिन. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिन एकसारखं चालतंय का? आमचं नव्हतं. ए.सी.चा कॉम्प्रेसर लागला की आरपीएमचा काटा खाली जाऊन वर यायचा. थ्रॉटल बॉडी काढली तर आत काजळी. साफ केली, प्लग पाहिले, काटा स्थिर झाला. इंजिनच अडखळत असेल तर निष्कारण गिअरबॉक्सवर आळ येतो.

तीन, माउंटिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असतात. क्लच पकडतो तेव्हा सगळं इंजिन एका बाजूला झुकतं आणि तो झोल रबर पितं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर मध्ये घातलं की इंजिन किती उसळतं ते बाजूला उभ्या माणसाला दिसतं. (समोर उभं राहू नका!) एएमटीत ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो, म्हणून असं फारसं काही कळत नाही. मिस्त्रीने गाडी वर घेऊन टॉमी लावून पाहिलं. गिअरबॉक्सकडच्या माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. हिसक्याबरोबर येणारी "धप्" तिची होती. रिव्हर्समध्ये जोर उलट्या बाजूला जातो, आणि आमचं रबर नेमकं तिकडून फाटलं होतं. म्हणून रिव्हर्सचा हिसका मोठा.

चार, क्लच सोडणारं यंत्र आणि त्याचं लर्निंग. बॅटरी दमदार आहे ना, तेलावर चालणारं यंत्र असेल तर तेल गळत नाही ना, हे पाहायचं. मग स्कॅनर. ओळखीच्या गॅरेजमधून स्कॅनर आला, लर्निंग झालं.

आणि पाच, सगळ्यात शेवटी, क्लच सेट. सर्व्हिस सेंटरने जिथून सुरुवात केली होती तिथे आम्ही शेवटी पोचलो, आणि तोवर गरजच उरली नव्हती. एकूण खर्च त्या कागदावरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आला. प्रामाणिकपणे हेही सांगतो, की मिस्त्री म्हणाला, प्लेट बरीच झिजली आहे, वर्ष-दीड वर्षात बदलावी लागेलच. म्हणजे सर्व्हिस सेंटर अगदीच खोटं बोलत नव्हतं. पण हिसक्याचं कारण न शोधता सेट बदलला असता, तर फाटलेलं माउंटिंग तसंच राहिलं असतं आणि पैसे घालूनही "धप्" गेली नसती. मग आम्ही काय म्हटलं असतं? हेच की बघा, नवा क्लच टाकला तरी बाबा हिसके देतातच!

या वाक्यापाशी आलो की माझ्या पोटात अजूनही खड्डा पडतो.

कारण यंत्राबाबत आपण निदान गॅरेजमध्ये तरी जातो. माणसाबाबत तेवढंही करत नाही. घरातलं म्हातारं माणूस म्हणालं, "मला नीट ऐकू येत नाही," तर आपण म्हणतो वय झालं. कानात मळ आहे का ते बघत नाही. "मी ब्रेक हळूच सोडतो" असं बाबा महिनाभर सांगत होते. हेच मी सांगितलं असतं तर सगळ्यांनी गाडी तपासली असती. बाबांनी सांगितलं, म्हणून बाबांना तपासलं. तेही नीट नाही.

आता भावाची बाजू. हे लिहायच्या आधी त्याच्याशी फोनवर तासभर भांडलोय, म्हणून त्याचंही मांडतो. तो म्हणतो, "दादा, या वेळी गाडी निघाली. पुढच्या वेळी खरंच बाबांचा पाय चुकला तर?" बरोबर आहे. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं ही खरी भीती आहे, आणि वयाबरोबर ती वाढते. गाडी न सांगता पुढे उसळली, चढावर मागे घरंगळली, जळका वास आला, गिअरबॉक्सचा दिवा लागला, तर गाडी तिथेच बाजूला लावा आणि उचलूनच गॅरेजमध्ये न्या. तिथे डायरी लिहीत बसू नका. हिसका वेगळा आणि उसळी वेगळी.

पण माणसाची तपासणी करायची तर तीही क्रमाने करा ना! डोळे तपासा. मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळते का बघा. रात्री समोरच्या दिव्यांनी दिपतं का, विचारा. आणि त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या वेळेला, त्यांच्या रस्त्याने, आठवडाभर तरी. आपला कायदाही ५५ वर्षांनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून देतो आणि डॉक्टरचा दाखला, फॉर्म १-अ, मागतो. तो दाखला किती गंभीरपणे दिला जातो हा वेगळा विषय, पण निदान कल्पना तरी बरोबर आहे. ठरावीक काळाने तपासा, एका गचक्यावर निकाल देऊ नका.

आम्ही बाबांची तशी तपासणी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. घरी येताना बाबा स्वतःच म्हणाले, "दिवे लागायच्या आत घरी येत जाऊ. रात्रीची गाडी आता तू चालव." कुणी सांगावं लागलं नाही. ज्याला तुम्ही खरं कारण दाखवता तो माणूस आपणहून निर्णय घेतो. ज्याच्या हातून किल्ली काढून घेता तो गप्प बसतो. हा फरक मला ७६ वर्षांच्या माणसाकडून पन्नाशीत शिकावा लागला.

किल्ली पुन्हा दारामागच्या खिळ्यावर आहे. घराच्या उतारावर बाबा आता हँडब्रेक लावतात आणि ट्रॅफिकमध्ये पुढे दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय सरकत नाहीत. मागचे हॉर्न मारतात. बाबा म्हणतात, "मारू दे, क्लच त्याचा नाही." अगदी उन्हात, अर्धा तास रांगल्यावर, अजूनही एखादी बारीक थरथर येते. तेवढी त्या जातीच्या गाडीत राहणारच, हेही मान्य करायला हवं. डायरीत अशा वेळी लिहिलेलं असतं, "हि. लहान. चालेल."

असो. फार लांबलं. तुमच्या गाडीत असं काही झालं असेल तर केव्हा, कुठे, गरम की थंड, हे आधी कागदावर लिहा आणि मगच गॅरेजमध्ये जा. आणि गाडी घरातलं दुसरं कुणी चालवत असेल, तर आधी त्याला विचारा.

खालून बाबांची हाक आली. पाच वाजलेत, दिवे लागायच्या आत गोकुळपेठेत जाऊन यायचंय. मी मागे बसणार आहे.